पुढच्या आठवड्याचा उतारा

मार्चअखेर मॉरिसव्हिल पिवळे होते. पाइनच्या झाडांचे परागकण मोटारीवर, पायऱ्यांवर, खिडक्यांच्या कडांवर हळदीसारखे साचतात आणि आरटीपीतल्या ऑफिसांमधली निम्मी माणसे शिंकत असतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका शनिवारी माझ्या बरोबर काम करणाऱ्या एका ज्यू मैत्रिणीच्या मुलीची 'बात मिट्झवा' होती. दुसऱ्यांचे कुठलेही कार्य दिसले की त्याला आपल्यातले नाव देऊन मोकळे व्हायची आपली सवय. 'म्हणजे मुंजच की!' असे म्हणत मीही सिल्कची साडी नेसून रॉलीच्या सिनेगॉगमध्ये जाऊन बसले. मुंजीत बटूचे कौतुक होते, त्याला भिक्षावळ मिळते, लाडू मिळतात. पण गायत्री मंत्राबद्दल तुझे काय मत आहे, असे त्याला कुणी विचारत नाही. इथे तेरा वर्षांची मुलगी हिब्रूतला उतारा वाचून झाल्यावर भरल्या सभागृहासमोर उभी राहिली आणि त्या उताऱ्याचे आपल्याला काय पटले, काय पटले नाही, हे तिने दहा मिनिटे सांगितले.

उतारा तिने निवडलेला नव्हता. तोरा म्हणजे मोशेची पाच पुस्तके. त्यांचे ५४ भाग पाडलेले आहेत, आणि दर शनिवारी एक (काही आठवड्यांत दोन जोडून) असे वाचत वर्षाला संपूर्ण तोरा वाचून होते. संपली की त्याच दिवशी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात. आपल्या वाढदिवसाच्या सुमारास जो भाग येईल तो आपला. या मुलीच्या नशिबी 'तझरिया' आला. लेवीय पुस्तकाचा बारावा अध्याय. मुलगा झाला तर बाळंतीण सात दिवस अशुद्ध, पुढे तेहतीस दिवस शुद्धीचे, एकूण चाळीस. मुलगी झाली तर दोन आठवडे अशुद्ध, पुढे सहासष्ट दिवस, एकूण ऐंशी. बाळंतीण संपली की पुढच्या अध्यायात त्वचेवरचे डाग, चट्टे आणि पुरळ. आपण आपल्या मुलीला असे काही वाचायला देऊ का? मी तरी देणार नाही. वशिला लावून दुसरा भाग मिळवीन.

मुलीने मात्र सरळ सांगितले की ऐंशी का, याची चार स्पष्टीकरणे तिने वाचली. मुलगी झाली तर आईला दुप्पट विश्रांती मिळते, हे त्यांतले सगळ्यांत गोड स्पष्टीकरण. पण तसे असते तर मूळ मजकुरात विश्रांती हा शब्द कुठेतरी आला असता, असे ती म्हणाली. म्हणून प्रश्न मी इथेच ठेवते, पुढच्या वर्षी हा आठवडा पुन्हा येईल तेव्हा पुन्हा बघीन. एवढे बोलून ती खाली उतरली. मला आमच्या घरातली बाळंतिणीची खोली आठवली. सुवेराचे दहा दिवस, देवघराचा उंबरा, आणि दुसरी मुलगी झाली हे कळल्यावर फोनच्या पलीकडे पडलेली थोडीशी जास्त शांतता. त्या शांततेचेही आम्ही कधी स्पष्टीकरण मागितले नाही.

मैत्रिणीने नंतर मला वाचायला पुस्तके दिली. ज्यू बायकांनी आठवड्याच्या उताऱ्यावर लिहिलेली टिपणे, मनने, भाष्ये. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत या प्रकाराला अमेरिकेत चांगलाच बहर आला आहे. एलेन फ्रँकेल यांचे 'फाइव्ह बुक्स ऑफ मिरियम' १९९६ साली आले. त्यात मिर्याम, हागार, आपल्या आया, आपल्या मुली असे अनेक आवाज एकेका भागावर वाद घालत बसतात. २००० साली एलिस गोल्डस्टाइन यांनी संपादित केलेल्या पुस्तकात ५४ भागांवर स्त्री रब्बींचे लेख आले. अमेरिकेत पहिल्या स्त्रीला, सॅली प्रीसँड यांना, रब्बी म्हणून मान्यता मिळाली ती १९७२ साली, हे लक्षात घेतले तर अठ्ठावीस वर्षांत केवढी मजल! आणि २००८ साली तमारा कोह्न एस्केनाझी आणि अँड्रिया वाइस यांच्या संपादनाखाली 'द तोरा: अ विमेन्स कॉमेंटरी' हा विटेएवढा ग्रंथ निघाला. त्यात प्रत्येक भागाला आधी अभ्यासकाचे भाष्य, मग त्याहून वेगळे मत, मग पूर्वीच्या पंडितांनी काय म्हटले ते, मग आजच्या एखाद्या बाईचे मनन आणि शेवटी कविता अशी मांडणी आहे. पंगतीत डावे-उजवे वाढावे तशी.

या पुस्तकांबद्दल माझे मत एका वाक्यात सांगता येत नाही. काही लेखांनी मी बसल्या जागी खिळून राहिले. काही लेख मध्येच ठेवून कुकर लावायला उठले. हळूहळू फरक कशात आहे ते ध्यानात आले. फसलेल्या लेखात उतारा म्हणजे खुंटी असते. बाई येतात, आपल्या आयुष्याची शाल तिच्यावर टांगतात आणि पुढे सगळी शालीचीच गोष्ट. साराला म्हातारपणी मूल झाले, मलाही उशिरा झाले. राहेल विहिरीपाशी भेटली, माझीही आजी विहिरीवरून पाणी आणायची. वाचायला बरे वाटते, डोळेही पाणावतात. पण तो उतारा त्या बाईला काहीच उलट बोललेला नसतो. जमलेल्या लेखात तो उलट बोलतो.

सलाफहादाच्या मुलींचेच घ्या. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. बाप वाळवंटात वारला, भाऊ नाही. जमिनीची वाटणी व्हायची वेळ आली तेव्हा या पाच जणी मोशे, याजक आणि सगळ्या वडीलधाऱ्यांसमोर उभ्या राहिल्या आणि आमच्या बापाचे नाव मुलगा नाही म्हणून का पुसले जावे, आम्हाला वाटा द्या, म्हणाल्या. मोशेने प्रश्न देवाकडे नेला आणि देवाने, मुलींचे म्हणणे रास्त आहे, असा निकाल दिला. गणनेच्या पुस्तकाचा सत्ताविसावा अध्याय. यावर लिहिताना बायकांच्या लेखणीला पंख फुटतात, आणि का फुटू नयेत? तालमुदातल्या पंडितांनीही या बहिणींना शहाण्या आणि शास्त्र जाणणाऱ्या म्हणून वाखाणले आहे.

पण त्याच पुस्तकाच्या शेवटच्या, छत्तिसाव्या अध्यायात गोष्ट परत येते. कुळातले पुरुष तक्रार घेऊन येतात की या मुली दुसऱ्या वंशात लग्न करून गेल्या तर आमची जमीन त्यांच्याबरोबर जाईल. देवाला तेही पटते! मुलींनी आपल्याच वंशात लग्न करावे असे ठरते आणि पाचही जणी आपल्या चुलत भावांशी लग्न करतात. सत्तावीस आणि छत्तीस या अध्यायांमध्ये वाचनाच्या हिशेबाने अंतर फार तर दोन आठवड्यांचे. म्हणजे पिन्हास या भागावर जिने जल्लोषाचा लेख लिहिला, तिला पंधरा दिवसांच्या आत मसै या भागापाशी येऊन थबकावेच लागते. निवडक उताऱ्यांचे पुस्तक काढणाऱ्याला ही अडचण नसते. तो सत्तावीस घेईल आणि छत्तीस गाळील. आठवड्याच्या वाचनात गाळता येत नाही. मला वाटते, या लेखनप्रकाराचा खरा जीव इथे आहे. 'वैयक्तिक' मननापेक्षा, ते मनन करणारीला पुढच्या शनिवारी पुन्हा हजर राहावे लागते, यात.

ही शिस्त बायकांना नवी नाही. सोळाव्या-सतराव्या शतकांच्या सांध्यावर पोलंडकडच्या याकोब बेन इसहाक अश्केनाझी यांनी यिडिश बोलीत 'त्सेने-रेने' लिहिले. हिब्रू न येणाऱ्या बायकांनी दर शनिवारी घरी वाचावे म्हणून, भागवार. त्याच्या दोनशेहून अधिक आवृत्त्या निघाल्या. पण ते पुरुषाने बायकांसाठी लिहिलेले. उलट दिशेने पाहायचे तर नेहामा लाइबोविट्स यांचे नाव घ्यावे लागते. रीगाला जन्मलेल्या, बर्लिनमध्ये शिकलेल्या या बाई १९३० साली पॅलेस्टाइनला गेल्या. १९४२पासून जवळजवळ तीस वर्षे त्यांनी आठवड्याच्या उताऱ्यावर प्रश्नांचे सायक्लोस्टाइल कागद काढले. लोक उत्तरे लिहून टपालाने पाठवायचे, बाई लाल शाईने तपासून परत करायच्या. कामगार, सैनिक, शिक्षक, गृहिणी, सगळ्यांच्या. स्वतःच्या आयुष्याबद्दल त्या कागदांत अवाक्षर नाही. प्रश्न एकच: मध्ययुगातल्या राशी नावाच्या भाष्यकाराला इथे नेमके काय खटकले? त्यांना कुणी स्त्रीवादी म्हटलेले आवडत नसे. तरीही आजच्या 'माझ्या मनातले' छापाच्या दहा लेखांपेक्षा त्यांचा एक प्रश्न मला जास्त धीट वाटतो.

आता दुसऱ्या टोकाचे एक उदाहरण. याकोबाची मुलगी दीना हिच्यावर अत्याचार होतो, भाऊ त्याचा सूड घेतात, आणि सबंध अध्यायात दीना एक शब्दही बोलत नाही. या मौनावर अनिता डायमंट यांनी १९९७ साली 'द रेड टेंट' ही कादंबरी लिहिली. ती अफाट खपली. आपल्याही पुष्कळ जणींनी बुक क्लबात वाचली असेल. कादंबरीत दीना बोलते, अत्याचाराच्या जागी प्रेम येते, आणि मासिक पाळीत बायका ज्या लाल तंबूत एकत्र राहतात तिथे गप्पा, गोडधोड आणि आयांचे शहाणपण यांची रेलचेल असते. पुस्तक रंगतदार आहे, नाही म्हणत नाही. पण जिने लहानपणी घोंगडीच्या तुकड्यावर चार दिवस बाजूला बसलेली आई पाहिली आहे, 'कावळा शिवला' म्हणून जिच्या ताटात वरून वाढले गेले आहे, तिला त्या तंबूत चटकन शिरता येत नाही. थोडी विश्रांती मिळायची हे खरे. ती कुणी दिलेली असायची आणि कशासाठी, हेही आम्हाला ठाऊक होते. दीनाच्या मौनाला डायमंट बाईंनी आवाज दिला, पण त्या मौनाचा काच काढून टाकला. त्या तेरा वर्षांच्या मुलीने ऐंशी दिवसांचा काच तसाच ठेवला होता.

हे सगळे वाचताना एक गोष्ट मला सारखी टोचत होती. तोरा मराठीत ऐकणाऱ्या बायका तर आपल्याच शेजारी राहत होत्या! अलिबाग, पनवेल, रेवदंडा या पट्ट्यातले बेने इस्राएल. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनिवार तेली. दिवेकर, केहिमकर, राजपूरकर अशी आपल्यासारखीच गावावरून आडनावे. सिनेगॉगला ते मशीदच म्हणत. १८७४ साली पुण्यात छापलेल्या त्यांच्या मराठी हग्गादात वल्हांडणाच्या सणाची बेखमीर भाकरी करणाऱ्या बायकांचे चित्र आहे, आणि त्या बायका साड्या नेसलेल्या आहेत. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. १८८०च्या सुमारास या समाजात कीर्तन सुरू झाले: साचा आपल्या हरिदासांचा, साकी, दिंडी, ओवी आपलीच, आणि आख्यान अब्राहामाचे, योसेफाचे, मोशेचे.

ही कीर्तने रचणारे प्रामुख्याने पुरुष होते. पण पुढे ती गाणी वह्यांत उतरवून, पाठ करून जपली ती मुख्यतः बायकांनी. ॲना शुल्झ या अमेरिकन संगीत-अभ्यासक बाईंनी मुंबईत आणि इस्रायलमध्ये हिंडून या गाण्यांचा अभ्यास केला आहे. वह्यांची ही परंपरा आपल्या प्रत्येकीच्या घरी असते. आईची आरत्यांची वही, आजीची मंगळागौरीच्या गाण्यांची. एखादी बाई कुठले गाणे उतरवते, कुठले सोडते, कुठल्या कडव्याशी सूर लांबवते, यात तिचे भाष्य असतेच, असे अभ्यासक म्हणतात. मला हे अर्धेच पटते. सूर लांबवणे हे भाष्य आहे, कबूल. पण आख्यान निवडलेले असते. योसेफ आणि त्याचे भाऊ रंगतात. बाळंतिणीच्या ऐंशी दिवसांवर कोण कीर्तन करील? गाणे नकोसा आठवडा वगळू शकते.

आणि या समाजात लिहित्या-शिकलेल्या बायकांची वाण मुळीच नव्हती. रिबेका रूबेन या मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला १९०५ साली पहिल्या आल्या आणि पुढे माझगावच्या शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. डॉ. जेरुशा झिराड यांनी लंडनला एम.डी. केले, कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या, मुंबईतल्या बाळंतिणींच्या मृत्यूंची कारणे शोधली, आणि १९२५ साली बहिणीबरोबर मुंबईत ज्युइश रिलिजस युनियन ही उदारमतवादी संस्था काढली. म्हणजे पाहा: आयुष्यभर बाळंतिणी सोडवणारी, मरणाऱ्या आयांचा हिशेब मांडणारी आणि धर्मात सुधारणा हवी म्हणणारी बाई. तझरियाच्या आठवड्यात ती काय म्हणाली असती, हे तिच्याच मराठीत वाचायला मी विटेएवढ्या ग्रंथातली अर्धी पाने देऊन टाकीन.

तोरेतली ओळन् ओळ मराठीत आणणारी बाई मात्र आपल्याला लाभली होती, जरी वेगळ्या धर्माच्या वाटेने. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलच्या भाषांतरात घातली. १९२२ साली त्या वारल्या. पुस्तक १९२४ साली केडगावच्या मुक्तिसदनाच्या छापखान्यातून निघाले. भाषांतरकाराला अध्याय गाळता येत नाही. चाळीस आणि ऐंशीचा हिशेब रमाबाईंनी, ज्यांनी स्वतः एकच मूल, तेही मुलगी, वाढवले, शब्दाला शब्द देऊन लिहिला असेल. धर्माबद्दल त्यांच्याशी आपले मतभेद असोत. त्या चिकाटीपुढे मी नमते.

मग आपले काय? आपल्याकडेही बायकांनी जुने ग्रंथ आपल्या नजरेने वाचले. दुर्गाबाईंचे 'व्यासपर्व' १९६२चे, इरावतीबाईंचे 'युगान्त' १९६७चे. अमेरिकेतल्या या सगळ्या चळवळीच्या कितीतरी आधी. इरावतीबाई द्रौपदीच्या शेवटच्या क्षणी आपल्या कल्पनेतली भर घालतात आणि ती आपली भर आहे हे लपवत नाहीत. असा चोखपणा मला त्या नव्या पुस्तकांत क्वचितच भेटला. पण युगान्त काही श्रावणात कुणी वाचत नाही. आठवड्याच्या वाराला बांधलेले बायकांचे वाचन म्हणजे आपल्या कहाण्या. सोमवारची, मंगळवारची, शुक्रवारची. हातात अक्षता धरून ऐकायच्या आणि संपल्या की उठायचे.

शुक्रवारची कहाणी आठवते? गरीब बहीण भावाच्या घरच्या जेवणावळीला न बोलावता जाते, मुलांना घेऊन पंगतीत बसते, आणि भाऊ तिला हाताला धरून बाहेर काढतो. पुढे व्रताने तिचे दैव फिरते. मग भाऊ मानाने बोलावतो, आणि ती अंगावरचे दागिने पाटावर काढून ठेवून त्यांना एकेक घास ठेवते. कारण आमंत्रण आपल्याला नव्हे, दागिन्यांना आहे. भाऊ शरमतो, क्षमा मागतो. केवढी धारदार गोष्ट! मी लहानपणापासून ऐकली आणि तिच्यावर एक वाक्य कधी बोलले नाही.

सलाफहादाच्या मुलींपाशी ती मला परत भेटली. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका वाटा दिला. पण कायदा लागू होण्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळले. माझे लग्न १९८८चे. सत्तावीस आणि छत्तीस एकाच कागदावर! २००५ साली केंद्राच्या दुरुस्तीने ती लग्नाची अट गेली. आणि २००७च्या सुट्टीत मी निबंधकाच्या कचेरीत जाऊन हक्कसोडपत्रावर सही केली. कुणी जबरदस्ती केली नाही. वहिनीने पुरणपोळी केली, पैठणी दिली. 'तुला तिकडे काय कमी आहे?' असे भाऊ म्हणाला, तेही प्रेमानेच, आणि ते खरेही होते. विमानात पैठणीची पिशवी मांडीवर घेऊन मी का रडले ते मला तेव्हा कळले नाही.

गेल्या श्रावणात आमच्या इथे एका घरी शुक्रवारचे हळदीकुंकू होते. पुरणाची आरती झाली, एका तरुण मुलीने फोनवर बघून कहाणी वाचली, सगळ्यांनी अक्षता वाहिल्या आणि उठायला लागल्या. मी म्हटले, जरा बसा. मग विचारले की भावाने हात धरून बाहेर काढलेली बहीण शेवटी परत त्याच्याकडे जेवायला का गेली असेल? कुणी म्हणाले, माहेर ते माहेर. कुणी म्हणाले, तिला त्याला लाजवायचे होते. वाचणारी मुलगी म्हणाली, "मावशी, पण तिचा वाटा कुठे गेला? घर दोघांच्या बापाचे होते ना?"

खोलीत दहा-बारा जणी होतो. एक जण, फार न बोलणारी, म्हणाली, "मी डिसेंबरात गेले होते तेव्हा सही करून आले." मग तिच्या शेजारची म्हणाली, "मीही." चहा निवून गेला. पुढच्या शुक्रवारी कुणाकडे जमायचे ते ठरवताना त्या मुलीने सांगितले की कहाणी पुन्हा हीच वाचू या.